पडायचं गुरूनेच

११ फेब्रुवारी, मेइजी सम्राटांच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष

वही ओनुईने आणून दिली. म्हणाली, "दिवसभर स्वतःशी पुटपुटत असता, त्यापेक्षा लिहून काढा. निदान माझे कान तरी सुटतील." तीस वर्षं संसार केलेली बायको असं म्हणते तेव्हा वही उघडलेली बरी.

मी कुसाका दैहाची, वय सत्तावन्न. होंजोत कालव्याच्या कडेला घर. पुढच्या खोलीत लोकांची हाडं बसवतो, मागच्या दालनात नामिवाके घराण्याचं जुजुत्सू शिकवतो. पूर्वी शिकवण्यावर घर चालायचं आणि हाडं ओळखीपाळखीत बसवायचो. आता उलटं झालंय. तलवारी गेल्या, शेंड्या गेल्या, आता नुसत्या हातांनी माणूस लोळवण्याची विद्या कोणाला हवी आहे? चाळीस शिष्य होते, तीन उरले. त्यातल्या दोघांना थंडी पडली की आई आजारी असल्याचं आठवतं.

आज पोलीस ठाण्यातून पत्र आलं. १८ एप्रिलला ठाण्याच्या दालनात वेगवेगळ्या घराण्यांच्या लढती आहेत. ज्याचा माणूस सरस ठरेल त्या घराण्याकडे शिपायांची तालीम सोपवणार. तीस शिपाई, आणि रोज! माझ्या दालनाला पुन्हा घामाचा वास येईल.

आमच्याकडून उमेकिची उतरेल. चटईवाल्या कान्बेईचा मुलगा, बावीस वर्षांचा, आठ वर्षं माझ्याकडे आहे. मला मूलबाळ नाही. घराणं पुढे जायचं तर त्याच्याच हातून. जिंकायचंच आहे. इथे लिहून ठेवलं, आता माघार नाही.

१५ फेब्रुवारी

बर्फ पडतंय. उमेकिची पहाटेच आला, डोक्यावर बर्फ घेऊन. बाकी दोघांच्या आया आजारी.

आमच्या घराण्याचा नियम असा की शिष्याने टाकायचं आणि पडायचं गुरूनेच. शिकणाऱ्याच्या हाताला डाव कळला पाहिजे, म्हणून ज्याला सगळं येतं त्याने त्याच्या हाताखाली जायचं. माझे गुरू सदुसष्टाव्या वर्षीही माझ्या हातून पडत. स्वतः पडायला शिकायचं ते घराण्याची पोथी हातात आल्यावर, म्हणजे आपण गुरू व्हायची वेळ आली की. ती वेळ माझ्यानंतर अजून कोणावर आलेली नाही.

मी आयुष्यात किती वेळा पडलो असेन देव जाणे. पण मला लागत नाही, आणि आवाज तर मुळीच होत नाही. ओनुई म्हणते, मांजर बरं, त्याची निदान चाहूल लागते.

आमचे डाव बारा. बारावा 'परतीची लाट'. समोरचा धावून येतो, त्याची बाही आणि गळपट्टी धरायची, वळायचं, कंबर खाली घालायची आणि त्याला पाठीवरून पलीकडे. उमेकिचीने आज तो पंचवीस वेळा घातला. त्याचा हात लागतो न लागतो तोच मी हवेत! असा हलका हात मी माझ्या गुरूंचाही पाहिला नव्हता.

२२ फेब्रुवारी

तोफूवाली ओकाने मनगट धरून रडत आली. बर्फावर पाय घसरला, पडताना हात पुढे टेकला, मनगट गेलं. या आठवड्यातलं हे चौथं. सगळ्यांची चूक एकच. माणूस पडायला लागला की हात पुढे करतो, जमिनीला जणू मागे ढकलणार आहे. मी म्हणालो, "हात आत घ्यायचा, हनुवटी छातीला, पाठ गोल." ती म्हणाली, "बरं हं. पुढच्या वेळी पडायच्या आधी तुम्हाला विचारून जाईन."

माझ्या दालनात वीस वर्षांत एकाही शिष्याचं हाड मोडलेलं नाही. ठाण्यातल्या लोकांना हे सांगायला हवं.

४ मार्च

ओनुई तालमीचे अंगरखे दुरुस्त करत बसली होती. माझा पाठीवर इतका विरलाय की ठिगळावर ठिगळ आहे. उमेकिचीचा तिने उलटसुलट करून पाहिला.

"तीन वर्षांपूर्वी शिवलाय हा," ती म्हणाली, "आणि पाठीवरचा टाका न् टाका कोरा."

"मग? शिष्य तयार झाल्याचीच ती खूण."

 तिने दोरा दातांनी तोडला आणि पुढचं ठिगळ घेतलं. तिला यातलं कळत नाही, पण बाई कष्टाळू आहे.

१३ मार्च

उमेकिची बापाबरोबर टेकडीवरच्या नव्या शाळेत चटया बसवायला गेला होता. ते लोक स्वतःच्या विद्येला जुजुत्सू म्हणत नाहीत, ज्यूदो म्हणतात. जुनी घराणी फिरून फिरून डाव गोळा केलेत म्हणे, आणि त्यातून काही नवीन रचलंय. शिकणारे सगळे कॉलेजातले, चष्मेवाले.

"गुरुजी, तिथे नवा आलेला महिना-महिना नुसता पडतो," उमेकिची म्हणाला.

"आणि टाकतो कधी?"

"नंतर. मग मोकळी झटापट. कोण काय करणार हे आधी ठरलेलंच नसतं. समोरचा पडायला तयारच नसतो."

"मग पडतो कसा?"

"तेच तर बघत उभा राहिलो. बाबा ओरडले म्हणून चटईकडे वळलो. आणि गुरुजी, तिथल्या चटया सगळ्या सारख्या झिजल्यात, पार कोपऱ्यापर्यंत."

मला हसू आवरेना. पडायला शिकवायला शाळा काढली! होंजोतलं बर्फ ते काम फुकट करतं.

उमेकिची मात्र हसला नाही.

२८ मार्च

आज त्याला चांगलं फैलावर घेतलं. काल धक्क्यावरच्या गोहेई हमालावर त्याने गमतीत 'परतीची लाट' घातली. बाहेरच्याला डाव दाखवायचा नाही अशी रक्ताने अंगठा उठवून शपथ घेतलीय त्याने, आणि हा हमालांत तमाशे करतो!

ओरडून झाल्यावर विचारलं, "मग? पडला का?"

उमेकिची खाली बघून म्हणाला, "उभाच राहिला. म्हणाला, पाठ खाजवायची असेल तर जरा वर."

मी त्याला समजावलं की लाट यायची तर समोरच्याने रीतसर धावून यावं लागतं. गोहेईला आपली रीत माहीत नाही, त्याला ती लागू कशी पडेल? त्याला पटलं. निदान मान तरी हलवली.

तरी कुठेतरी टोचतंय. म्हणून लिहिलं.

१० एप्रिल

आठ दिवस राहिले. आज चाळीस वेळा पडलो. उजवा गुडघा सुजलाय, संडासात बसताना भिंत धरावी लागते. पण उमेकिचीचा डाव असा लागलाय की पाहत राहावं. म्हणजे मला पाहता येत नाही, मी हवेत असतो.

तालीम संपल्यावर तो घुटमळत राहिला. "गुरुजी, एकदा तुम्ही मला टाका ना. एकदाच."

"का?"

"कसं वाटतं ते कळेल."

मला राग आला. माझ्या गुरूंच्या तसबिरीसमोर हा मला घराण्याचा नियम मोडायला सांगतो! म्हणालो, "पोथी मिळेल त्या दिवशी पड हवा तेवढा." तो वाकून नमस्कार करून गेला. ओनुईने जेवताना माझ्या वाडग्यात लोणच्याचे दोनच तुकडे वाढले. तिने ऐकलं असणार.

१८ एप्रिल

सगळं क्रमाने लिहितो.

लढतींच्या आधी प्रत्येक घराण्याने आपले डाव दाखवायचे होते. मी आणि उमेकिची उतरलो. 'परतीची लाट' झाली तेव्हा दालनात 'हां!' असा आवाज उठला. ठाणेदार पुढे झुकून बघायला लागले. मला वाटलं, जिंकलंच.

मग चिठ्ठ्या निघाल्या. उमेकिचीसमोर टेकडीवरचा हायामी तोकुजो नावाचा पोरगा आला. काटकुळा. त्याने चष्मा काढून मित्राकडे दिला तेव्हा त्याला समोरचं दिसतं तरी का अशी शंका आली.

उमेकिचीने बाही धरली, गळपट्टी धरली, वळला, कंबर खाली घातली. सगळं चोख, एक बोट इकडचं तिकडे नाही. आणि हायामी उभा. त्याच्या पाठीशी नुसता उभा, रांगेत उभं राहावं तसा. उमेकिचीने पुन्हा घातला. पुन्हा उभा.  तिसऱ्या वेळी उमेकिचीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाही.

मग हायामीने त्याला जरासं ओढलं, इतकं जरासं की काही घडलंय असंही वाटू नये, आणि उमेकिचीचे पाय जमिनीवरून सुटले. पडताना त्याने हात पुढे टेकला. ओकानेने टेकला होता तसाच.

कोपर निखळलं. मीच तिथल्या तिथे बसवलं. बसवताना तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "गुरुजी, माझं काय चुकलं?"

मी म्हणालो, "हलू नकोस."

१९ एप्रिल

काही लिहवत नाही.

२२ एप्रिल

ओनुईने आज माझा अंगरखा आणि उमेकिचीचा अंगरखा माझ्यासमोर शेजारी शेजारी पसरले. पाठ वर करून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तुमच्या विद्येत कधी तोंड घातलं नाही. पण कपडा खोटं बोलत नाही हो. त्या पोराला एकदाही जमीन लागलेली नाही. आणि तुम्ही..."

"मी काय?"

"तुम्ही इतके छान पडता, की वाऱ्यानेसुद्धा पडाल."

मी उठून दालनात गेलो. एकटाच उभा राहिलो. समोर उमेकिची आहे असं धरलं, त्याचा हात बाहीला लागतोय असं धरलं. अंग आपोआप उडालं. कोणी नसताना मी पडलो. नेहमीसारखाच, बिनआवाज.

त्याने मला आठ वर्षांत एकदाही टाकलेलं नाही. मीच पडत होतो. आणि माझ्या गुरूंचं काय? सदुसष्टाव्या वर्षी माझ्या हातून पडत, तेव्हा ते? मग मला तरी काय येतं?



२६ एप्रिल

हायामी तोकुजो आला. गोड सारणाचे लाडू घेऊन, तेही बेताचे नव्हे, भरपूर. मला वाटलं मिरवायला आलाय. पण त्याने आधी उमेकिचीचं कोपर कसं आहे ते विचारलं आणि मग जमिनीला कपाळ टेकून राहिला.

"उठा," मी म्हणालो. "लढतीत लागतंच."

"मी त्याला सावरून टाकायला हवं होतं. त्याला पडता येत असेल असं धरून चाललो. गुरुजी त्याचे तुम्ही, म्हणून."

मी त्याच्यापुढे चहा सरकवला. 

मग त्याने खरं काम काढलं. "कुसाका गुरुजी, आम्ही पडताना हाताने चटई थोपटतो. जोर तिथे जातो. पण तुमचा आवाजच नाही. त्या दिवशी सगळे डाव बघत होते, मी तुमचं पडणं बघत होतो. ते शिकवाल का?"

"शपथ आहे. बाहेरच्याला दाखवायचं नाही."

"त्या दिवशी दोनशे जणांना दाखवलंत की," पोरगा नम्रपणे म्हणाला. आत ओनुई खोकली. तो खोकला नव्हता, हसू होतं.

मी नाही म्हणालो. लाडू ठेवून गेला. चांगले होते.

२ मे

दहा दिवस टाळत होतो. आज कान्बेईच्या दुकानात गेलो. उमेकिची हात झोळीत घालून बसला होता आणि दुसऱ्या हाताने चटईच्या कडेचा गोट लावायची धडपड करत होता. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं.

"त्या दिवशी तू विचारलंस काय चुकलं. तुझं काही चुकलं नाही. तुझा डाव कधी लागलाच नव्हता. मी पडत होतो."

त्याला आधी कळलंच नाही. "नियमच आहे ना गुरुजी, गुरूनेच..."

"तू वळत होतास आणि मी उडी मारत होतो. आठ वर्षं. मला माहीत नव्हतं. खोटं सांगत नाही, खरंच माहीत नव्हतं."

त्याच्या हातातली सुई तशीच राहिली. कान्बेई मागून म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या दालनात चोवीस चटया, आणि दर वर्षी मी एकच बदलतो. तीच ती, उजवीकडची तिसरी."

"बाबा, मग मला का नाही सांगितलंत?"

"मला काय कळतं रे त्यातलं? म्हटलं, असंच शिकवत असतील."

म्हणजे माझ्या बायकोला माहीत, चटईवाल्याला माहीत, हमालालाही एका मिनिटात कळलं. अडाणी एकटा मी.

उमेकिची म्हणाला, "जा गुरुजी तुम्ही." ओरडला असता तर बरं झालं असतं.

९ मे

टेकडी चढलो. गुडघ्याने वाटेत दोनदा निषेध नोंदवला. ओनुईने नवा अंगरखा घालायला दिला होता. म्हणाली, "चाललाच आहात तर ठिगळं लावून नको."

शपथेचा विचार रात्रंदिवस केला. शपथ विद्या जपायला घेतली होती. जपून जपून ती माझ्यासमोर मरायला टेकली असेल तर ती शपथ मोडल्याचं पाप माझं, मी भोगेन. गुरूंच्या तसबिरीला तसं सांगून निघालो.

तिथे मी विशीतल्या पोरांच्या रांगेत शेवटी बसलो. त्यांना माझं पडणं दाखवलं.  मग एकाने विचारलं, "आजोबा, पुन्हा?" पुन्हा पडलो. आजोबा!

बदल्यात हायामीला म्हणालो, "त्या दिवशी उमेकिचीला तू जरासं ओढलंस. ते काय होतं?"

"तोल, गुरुजी. टाकायच्या आधी तोल मोडायचा. उभ्या माणसाला कोणी टाकू शकत नाही. तो पडायला लागला की मग वळायचं."

एवढंच. हे एवढंच आमच्याकडे नव्हतं.

१० मे

होतं!

घरी येऊन पोथी उघडली. 'परतीची लाट', पहिलीच ओळ: 'लाट येण्याआधी पाणी मागे ओढून घ्यावे.' ही ओळ मी शेकडो वेळा पाठ म्हटली, शिष्यांकडून म्हणून घेतली. मला ती शोभेची वाटायची, कवितेसारखी. ती कृती होती. समोरच्याला आधी ओढ, त्याला चवड्यावर आण, मग वळ. कोण्या एका गुरूला वय झाल्यावर पटकन पडायची सवय लागली असेल, त्याच्या शिष्याला ओढायची गरज पडली नसेल, आणि पुढे सगळ्यांनी ओळ म्हणायची आणि ओढायचं नाही, असं चालू झालं असेल. तो गुरू माझाच असेल किंवा त्याच्या आधीचा. मला रडू आलं. ओनुईने बघितलं आणि न विचारता चहा ठेवला.

ठरवलं. उमेकिची परत येईल तेव्हा येईल. यापुढे या दालनात मी आपणहून पडणार नाही. एकदाही नाही.

११ जून

कालव्याला पाणी चढलंय, दालनात ओल. सकाळी दार सरकलं. उमेकिची. झोळी नाही. बूड टेकवायच्या आधीच म्हणाला, "मला पडायला शिकवा. तेवढं तरी तुम्हाला खरंच येतं."

बोचलं. पण बरोबर होतं.

गुरूंच्या तसबिरीपुढे डोकं टेकवलं, क्षमा मागितली, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा शिष्याला टाकलं. हळूच, धरून. तो दगडासारखा पडला आणि हात पुढे करायला गेला. "आत!" मी ओरडलो. पुन्हा. "आत!" पुन्हा. दुपारपर्यंत. निघताना तो लंगडत होता आणि पाठ चोळत होता. दारात थांबून म्हणाला, "काय जमीन आहे हो ही. आठ वर्षं वरून बघत होतो."

३० जून

ओनुईने जाहीर केलं की उमेकिचीच्या अंगरख्याला पाठीवर पहिलं ठिगळ लागलं. संध्याकाळी घरात वाम मासा. एवढी श्रीमंती कशाला, असं विचारलं नाही.

१६ जुलै

उकाडा, डास. आजपासून टाकायचा सराव. मी उभा राहतो, तो ओढतो, वळतो. मी पडत नाही. त्याने तीस वेळा केलं, तीसही वेळा मी उभा.

"पडा ना गुरुजी, एकदा तरी," तो शेवटी हात जोडून म्हणाला.

"नाही."

"हात दुखतोय."

"दाखव." पाहिला. कोपर ठीक होतं. "नाही," मी म्हणालो.

मला वाटायचं पडणं अवघड. उभं राहणं किती अवघड आहे ते आता कळतंय. त्याचा हात बाहीला लागला की माझं सगळं अंग 'पड, पड' म्हणतं.

१९ ऑगस्ट

दर आठवड्याला टेकडीवर जातो. तिथली पोरं आता बिनआवाज पडायला बघतात आणि ढबाढब आपटतात. हायामी आमच्याकडेही येतो, उमेकिचीशी झटापट करतो. दोघं भांडत नाहीत याचं आश्चर्य वाटतं. आज हायामीने त्याला नऊ वेळा टाकलं. नऊही वेळा उमेकिची उठला आणि म्हणाला, "आणखी." 

६ सप्टेंबर

आज घात होता होता राहिला.

उमेकिचीने ओढलं, वळला, आणि मी त्याच्या पाठीवरून पलीकडे गेलो.  तो दोन्ही हात वर करून ओरडला, "काकू! गुरुजी पडले!" ओनुई बाह्या सावरत धावत आली. पोराचा चेहरा पंधरा वर्षांच्या मुलासारखा झाला होता. चार महिन्यांत त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

गप्प बसायला काय जात होतं? कोणाला कळणार होतं? मी चटईवर बसून राहिलो. ती पुन्हा उजवीकडची तिसरीच होती.

"उमेकिची," मी म्हणालो, "हे धरू नकोस. मी पडलो."

त्याचे हात खाली आले. "नाही. मी ओढलं होतं. तुम्ही चवड्यावर आला होतात."

"आलो होतो. अर्धा. बाकीचा अर्धा माझा मी गेलो. सवयीने."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज झाला नाही."

तो बादली लाथाडून गेला. पाणी सगळीकडे. ओनुईने फडकं आणलं, आम्ही दोघांनी मिळून पुसलं. ती एवढंच म्हणाली, "आज तुम्ही गुरू वाटलात." तीस वर्षांनी!

७ सप्टेंबर

तो येईल की नाही या धास्तीने पहाटेच उठलो. दार सरकलं. आल्या आल्या त्याने कालची बादली भरून जागेवर ठेवली आणि माझी बाही धरली.  पंचेचाळीस वेळा. मी उभा.

२ ऑक्टोबर

ठाण्यातून शिपायांची तालीम दुसऱ्या घराण्याकडे गेली, कधीच. तरी आज तीन शिपाई विचारत आले. त्यांनी ऐकलंय की होंजोत एक म्हातारा आधी पडायला शिकवतो. परवा एकजण चोरामागे धावताना पडून मनगट मोडून घेऊन आला होता, तो त्यांना घेऊन आला. उमेकिची म्हणाला, "मी शिकवतो यांना पहिला महिना." मी विचारलंही नव्हतं.

२४ ऑक्टोबर

आज सकाळी थंडी होती. गुडघा कुरकुरत होता. शिपाई भिंतीशी बसून बघत होते. उमेकिचीने बाही धरली. मी नेहमीसारखा पाय रोवून उभा. त्याने ढकललं, मी मागे सरू नये म्हणून पुढे रेटलं, आणि तेवढ्यात त्याने ओढलं. जरासंच. माझ्या टाचा उचलल्या. आता पडू नये म्हणून मी जिवाच्या आकांताने मागे खेचलं स्वतःला, अंग 'पड' म्हणतच नव्हतं, अंग 'नको' म्हणत होतं, आणि तरी चटई माझ्याकडे आली.

काय आपटलो! पाठ, ढुंगण, टाचा, सगळं एकदम. दारं खडखडली, गुरूंची तसबीर वाकडी झाली, छातीतला वारा पार निघून गेला. तिघे शिपाई उठून उभे राहिले. उमेकिची पांढराफटक पडून माझ्यावर वाकला, "गुरुजी! गुरुजी, लागलं का?"

बोलायला श्वास नव्हता. डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं.

स्वयंपाकघरातून ओनुई घाबरून ओरडली, "अहो, काय पडलं?"

"मी!" मी म्हणालो.